संशयकल्लोळ दोन तासांत : पदं ठेवू की उडवू?

तिसरी_घंटा
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा 'संशयकल्लोळ' हे संगीत नाटक करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे सातव्या मजल्यावरचे काका हटून बसलेत आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. वेळ मिळालीय आठ ते दहा. दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, आणि आधीची आरती लांबली तर तीही आमच्याच वेळेतून जाणार.

पहिल्याच वाचनाला दोन तट पडले. पोरांचं म्हणणं, पदं काढा, नुसता फार्स करा, लोक हसून लोळतील. काकांचं म्हणणं, पदं काढून संशयकल्लोळ म्हणजे पुरण काढून पुरणपोळी. मी दिग्दर्शक (नावापुरती), त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मलाच.

पोरांचा एक मुद्दा मात्र मला पटलाय. हे नाटक मुळात संगीत नव्हतंच. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास ते गद्यच लिहिलं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावानं. पदं आली १९१६ साली, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं बसवलं तेव्हा. म्हणजे वीस-बावीस वर्षं त्याचं पदांवाचून अडलं नव्हतं. मग आपण मुळाकडे गेलो तर बिघडलं कुठे? तुम्ही काय केलं असतं?

खुर्ची_१७
उडवा. बिनधास्त उडवा.
लहानपणी वडिलांनी एका प्रयोगाला नेलं होतं. नायक अश्विनशेठनं 'मृगनयना' हे पद धरलं ते सोडेचना. वन्स मोअर झाला, परत धरलं. माझ्या शेजारचे गृहस्थ मधेच बाहेर जाऊन बटाटेवडा खाऊन आले तरी मृगनयना चालूच. गाणं संपलं तेव्हा तसबीर कुणाकडे होती हेच मी विसरलो होतो. ज्या नाटकाचा सगळा जीव 'वस्तू आत्ता कुणाच्या हातात आहे' यावर, त्यात असं करून चालतं का?

भादव्या_गडी
मालक, माझा पगार तेवढा ठरवा, मग पदं ठेवा नाहीतर उडवा.

काळी_पाच
मी हौशी मंडळींना बरीच वर्षं ऑर्गनची साथ केलीय, संशयकल्लोळच्या तालमी मोजल्या तर पन्नासावर जातील. त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

हे नाटक म्हणजे खरं तर एका छपराखालचे दोन संसार आहेत. एक फाल्गुनराव आणि कृत्तिका. लग्न होऊन जुने झालेले, दोघंही संशयी, दोघंही खिडकीआड उभे. त्यांचं सगळं बोलण्यावर चालतं. टोमणा, उलट टोमणा, दार आपटणं. दुसरं जोडपं अश्विनशेठ आणि रेवतीचं, लग्नाआधीचं. गाण्याचा सगळा भार या दोघांवर. 'सुकांत चंद्रानना', 'मजवरि तयांचे प्रेम खरे', 'संशय का मनि आला', 'कर हा करी धरिला'. बघा, फार्स बोलतो आणि प्रेम गातं.

आता पदं काढली की होतं काय, फाल्गुनरावाचं काही जात नाही. तो आहे तसाच टाळ्या घेतो. पण अश्विनशेठ उघडा पडतो. त्याच्या तोंडी राहतात चार रुसव्याची वाक्यं, आणि प्रेक्षकाला वाटतं हा शेळपट कोण, याला ही रेवती द्यायची कशाला? पदांमुळे कळतं की या माणसाचं खरंच प्रेम आहे, म्हणून तो संशय घेतो तेव्हा आपल्याला हसूही येतं आणि कसंसंही होतं. ती दुसरी चव गेली की उरतो फक्त पळापळीचा फार्स. मग तुमची पोरं दुसरा कुठला करत नाहीत? ढिगानं आहेत.

खुर्ची_१७, तुमचं दुःख मला ठाऊक आहे, मीच अशा प्रयोगांत ऑर्गनवर डुलक्या काढल्यात. पण दोष पदाचा नाही, गवयाचा आहे. 'मृगनयना' दरबारी रागात आहे. दरबारी एकदा अंगात आला की माणूस घरी जायचं नाव घेत नाही.

तिसरी_घंटा
काळी_पाच काका, 'फार्स बोलतो, प्रेम गातं' हे उद्या तालमीत माझं म्हणून खपवणार आहे. रागावू नका.

काळी_पाच
खपवा. गणपतीचा प्रसाद आहे.

पॅरिसकर_मावळा
इथे फ्रान्समध्ये राहतो म्हणून नाक खुपसतो. हे नाटक मूळ इथलं. नाटककार मोलिएरचं 'स्गानारेल', १६६० सालचं, एकाच अंकाचं, चोवीस छोटे प्रवेश. नायिकेला रस्त्यात घेरी येते, तिच्या हातून प्रियकराची छोटी तसबीर पडते. स्गानारेल तिला सावरतो आणि हे त्याची बायको खिडकीतून बघते. ती खाली येते, तसबीर उचलते, 'काय देखणा आहे हो' म्हणते, तोच नवरा मागे उभा. झालं! पुढचं तुम्हाला पाठ आहे.

स्गानारेलचं काम मोलिएर स्वतः करायचा. नाटक इतकं चाललं की तो जिवंत असेतो त्याच्या मंडळीनं सगळ्यांत जास्त प्रयोग याचेच केले. गंमत म्हणजे त्याच वर्षी एका बहाद्दरानं प्रयोगांना बसून बसून आख्खं नाटक पाठ केलं आणि मोलिएरला न विचारता छापून मोकळा झाला, वर प्रत्येक प्रवेशाचं कौतुकही लिहिलं. पायरसी पण साभार!

तिथून ते लंडनला गेलं. आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये त्याचं 'ऑल इन द राँग' केलं, पाच अंकी. फाल्गुनरावाच्या जागी सर जॉन रेस्टलेस, म्हणजे अक्षरशः 'श्री. अस्वस्थ'. देवलांच्या हातात पडलं ते हे इंग्रजी नाटक.

निमूट_वाचक
म्हणजे तसबीर फ्रान्सहून इंग्लंड, इंग्लंडहून पुणे. कस्टमवाल्यांनी कुठे अडवली नाही?

खुर्ची_१७
पॅरिसकर, एकाच अंकात संपतं म्हणालात ना? वाचलंत का हो तिसरी_घंटा? फ्रेंच लोक तासाभरात उरकतात!

पेवातली_हळद
हरिपूर गावाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. माझं सासर तिथलं. देवल आमच्या गावचे, जन्म १८५५. सांगलीपासून अगदी जवळ, कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वर. गावात विचारा, पारावर बसून देवलांनी 'शारदा' लिहिलं असं कुणीही सांगेल, आणि सांगताना तो पार असा दाखवतील की जणू परवाच उठून गेले. हळदीची पेवंही आमचीच. जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरानं पुष्कळ पेवं गेली.

बरं, मुद्दा. देवल नुसते लिहिणारे नव्हते. बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली तयार झाले, किर्लोस्कर मंडळीत नट होते आणि पुढे नावाजलेले तालीममास्तर. नटाच्या तोंडात वाक्य कसं बसतं हे त्यांना आतून ठाऊक. त्यांची नाटकं सात, त्यात स्वतःच्या डोक्यातलं एकच, 'शारदा'. बाकी सगळी कुणाच्या ना कुणाच्या मुळावर. 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर, 'मृच्छकटिक' शूद्रकाच्या संस्कृत नाटकावर, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वर. तरी संशयकल्लोळ बघताना कुणाला परकं वाटतं का? सासूबाईंना मी सांगितलं की हे मूळ फ्रेंच आहे, तर म्हणाल्या, "काहीतरीच. फाल्गुनराव आमच्या शेजारीच राहायचे."

ऑथेल्लोचा_रुमाल
पेवातली_हळद, दोन्ही शेजारी ठेवा की! 'झुंझारराव' आणि 'तसबिरीचा घोटाळा' दोन-तीन वर्षांच्या अंतरानं आलीत. दोन्हीकडे संशयी नवरा, दोन्हीकडे एक क्षुल्लक वस्तू. एकीकडे रुमाल, दुसरीकडे तसबीर. एकात खून पडतो, दुसऱ्यात नुसती फजिती. एकाच लेखणीनं एकच रोग दोनदा तपासला. (आयडी याच नाटकावरून घेतलाय, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजावं.)

सौ_संशयी
आमच्या ह्यांना घरात सगळे फाल्गुनरावच म्हणतात. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा बघतात.

फोंड्याची
एक वेगळं बोलू का? आमच्या घरात या नाटकाबद्दल दोन मतं आहेत. गोव्यात देवळांच्या उत्सवांत हौशी मंडळी संगीत नाटकं करतात, त्यात संशयकल्लोळ हमखास. बाबा त्यात अश्विनशेठ करायचे. पण माझ्या पणजीला (गाव नव्हे, आजीची आई) हे नाटक कधी आवडलं नाही. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या गाणं होतं, देवळाच्या सेवेतलं. नाटकातली मघा नायकीण (रेवतीची आई, गाणारी कलावंतीण) आली आणि लोक हसले की ती उठून आत जायची.

मोठी झाल्यावर मी विचार केला की देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरातली का केलं? मोलिएर आणि मर्फीकडे ती चांगल्या घरची मुलगी, बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतोय एवढंच. पण १८९३ चा महाराष्ट्र आठवा. संमतिवयाचा कायदा १८९१ चा. मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा केलं म्हणून केवढा गदारोळ झाला. त्या काळात 'घरंदाज' घरात वयात आलेली, बिनलग्नाची, प्रियकराची तसबीर जवळ बाळगणारी आणि एकटी रस्त्यानं जाणारी मुलगी आणायची कुठून? देवलांना ती एकाच घरात सापडली. 'मृच्छकटिका'तली गणिका वसंतसेना त्यांनी आधीच रंगवली होती, रस्ता ओळखीचा.

पण त्याची किंमतही रेवतीलाच पडली. तिच्यावर संशय घेणं सोपं होऊन बसलं. 'शेवटी कुळावर गेली' हे वाक्य कुणी उच्चारलं नाही तरी प्रेक्षक ते मनात म्हणतोच. आणि १९१६ मध्ये रेवती केली बालगंधर्वांनी. पुरुषानं. जिच्या घरातलं गाणं, ती त्या रंगमंचावर नाही. पणजीला एवढं सगळं मांडता आलं नसतं, पण उठून आत जाता येत होतं.

काळी_पाच
फोंड्याची, हे इतकी वर्षं साथ करूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मघा आली की मीही हसत आलोय. खोटं कशाला बोलू.

वकिली_चष्मा
फोंड्याची, मुद्दा जोरदार आहे, पण दुसरी बाजू मांडतो, सवयच आहे. नाटकात खुळे कोण ठरतात? प्रतिष्ठित फाल्गुनराव, त्यांची प्रतिष्ठित पत्नी आणि शेठजी. रेवतीचं काही चुकलेलं नसतं. आणि अश्विनशेठ तिला ठेवत नाही, तिच्याशी लग्न करतो. १८९३ साली हे हसत हसत दाखवणं साधं नव्हतं. त्याआधीचे फार्स आठवा. पौराणिक नाटक संपल्यावर शेवटी जे करायचे ते. बराचसा धसमुसळेपणा, सुधारकाची नाहीतर शिकलेल्या बाईची टिंगल. देवलांनी टिंगलीचा रोख नवऱ्याकडे वळवला.

फोंड्याची
मान्य. लग्न करतो. पण अर्ध्या नाटकात माफी कोण मागतं आणि रुसवा कोण काढतं ते मोजून बघा एकदा, वकीलसाहेब.

वकिली_चष्मा
पुढची तारीख घेतो.

तिसरी_घंटा
तुम्ही हे बोलताय आणि इकडे नेमका तोच घोळ झालाय. आमची रेवती अकरावीतली आहे, सुरेख गाते. काल तिच्या आईचा निरोप आला, "नायकीण हा शब्द काढा, गायिका म्हणा." काय करू?

फोंड्याची
काढू नका, ताई. शब्द काढला की त्या बायकाही पुसल्या जातात. फक्त मघा करणाऱ्या बाईंना सांगा, पदर उडवत, पान खात येऊ नका. साध्या आईसारख्या या. बघा लोक कुठे हसतात ते.

उत्तरा_फाल्गुनी
माझ्या आयडीचा हक्क बजावते. नावांकडे लक्ष गेलंय का कुणाचं? पुरुष महिन्यांवर : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायका नक्षत्रांवर : कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. आख्खं पंचांग रंगमंचावर.

आता खरी मजा. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास, त्यावरून महिन्याचं नाव. कृत्तिकेवरून कार्तिक. म्हणजे फाल्गुनरावानं केली कार्तिकाची बायको! त्यानं तिच्यावर संशय घेतला तर आश्चर्य काय? आणि रेवती हे सत्ताविसावं नक्षत्र, शेवटचं. ते संपलं की चक्र परत अश्विनीपासून सुरू. रेवती-अश्विन एकमेकांना खेटून बसलेत. देवलांनी पत्रिका जुळवूनच लग्न लावलंय. (हा शोध माझा, हसू देवलांचं.)

निमूट_वाचक
आता भादव्याची पत्रिका पण काढा. बिचाऱ्याचं लग्नच होत नाही.

इंजिनिअर_नाट्यवेडा
तिसरी_घंटा, मी पोरांच्या बाजूचा. पण मी आणखी पुढे जाईन. काळ बदला. तसबीर काढा, मोबाईल आणा. रेवतीचा फोन रस्त्यात पडतो, वॉलपेपरवर अश्विनचा फोटो, कृत्तिका उचलते...

खुर्ची_१७
...आणि स्क्रीन लॉक असते. पडदा. धन्यवाद, गणपती बाप्पा मोरया.

इंजिनिअर_नाट्यवेडा
😀 लॉक स्क्रीनवर पण फोटो असतो हो.

काळी_पाच
मोबाईलचं नाट्य होत नाही, कारण फोन वाजतो. वाजला की खुलासा झाला. तसबीर मुकी आहे, तिच्यावर ज्याला जे हवं ते तो वाचतो. नाटक त्या मुकेपणावर उभं आहे.

जुने_अल्बम
तसबीर म्हणजे नेमकं काय, हे पोरांना दाखवा. मोलिएरकडे हातानं रंगवलेलं बारकं चित्र. पण १८९३ ला फोटो काही नवलाचा राहिला नव्हता. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघालेली. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ चा, म्हणजे नाटकाच्याच आगेमागे घराघरांत भिंतीवर चित्रं लागायला लागली, आणि बहुतेक देवांची. परपुरुषाची तसबीर बाईच्या हातात, हे त्या प्रेक्षकाला आजच्या चॅटच्या स्क्रीनशॉटपेक्षा भारी पडलं असणार. तेव्हा तिला जपा. हातात मावेल एवढी, चौकटीची, पाठीमागे पुठ्ठा लावलेली. लांबून दिसायला हवी पण कुणाचा चेहरा ते दिसायला नको.

सीनमागचा_उंदीर
तसबिरीवरून आठवलं. आमच्या ऑफिसच्या स्पर्धेत हेच नाटक. मी प्रॉपर्टीवर, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू सांभाळायला. ऐन वेळी तसबीर गायब, ती मेकअपच्या टेबलाखाली पडलेली हे नंतर कळलं. मी घाबरून विंगेतून जे हाती लागलं ते सरकवलं. कृत्तिकेनं न बघता उचललं, हृदयाशी धरलं आणि प्रेक्षकांकडे वळवलं. ती होती गणपतीची तसबीर, नटराजाशेजारी पूजेला ठेवलेली. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले. कृत्तिका मात्र वाक्यावर ठाम, "काय हा देखणा पुरुष!" फाल्गुनरावानं मागून येऊन चित्र पाहिलं आणि त्याचं वाक्यच विसरला. आख्खं थिएटर पडलं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, "विनोदाची समज उत्तम."

भादव्या_गडी
सिद्धिविनायकालाही सोडलं नाही या बाईनं.

झोटिंग
आलो. 'हृदयी धरा हा बोध खरा' यात माझा उल्लेख आहे, 'संशय खट झोटिंग महा'. कुणी आठवणच काढली नाही म्हणून राग आलाय.

इंजिनिअर_नाट्यवेडा
झोटिंग म्हणजे काय? मला वाटायचं नुसतं ठसक्यासाठी घातलेला शब्द आहे.

झोटिंग
कोकणात भुतांची मोठी वंशावळ आहे. मुंजा, गिऱ्हा, खवीस, हडळ, आणि आम्ही. झोटिंग मानगुटीवर बसला की सहजी उतरत नाही, तोही संशयाच्याच जातीचा. देवलांनी उपदेशाच्या पदातही भूत सोडलं, म्हणून ते पद कीर्तनासारखं वाटत नाही. हे पद उडवलंत तर दहा वाजता तुमच्या सोसायटीतल्या वडावर बसेन.

तिसरी_घंटा
आमच्याकडे वड नाही, डिझेलचा जनरेटर आहे.

झोटिंग
चालेल. ऊब असते.

वकिली_चष्मा
वारसा म्हणून आणखी एक. कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. 'जागावाटपावरून संशयकल्लोळ', 'निविदांचा संशयकल्लोळ'. बातमीदारानं नाटक पाहिलेलं नसतं, वाचणाऱ्यानंही नाही, तरी दोघांना अर्थ लागतो. आता सांगा, 'तसबिरीचा घोटाळा' हेच नाव राहिलं असतं तर? घोटाळे आपल्याकडे कमी का आहेत, त्या गर्दीत हे नाटक हरवलं असतं. १९१६ नं पदं दिली तशी नावही दिलं. मला तर तेच जास्त टिकलंय असं वाटतं.

खुर्ची_१७
वकीलसाहेब नकळत माझ्या बाजूनं बोलले. नाव टिकलं, फाल्गुनराव टिकला, पदं मागे पडली.

पेवातली_हळद
कुठे मागे पडली? प्रशांत दामले फाल्गुनराव आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ, तो प्रयोग नाही पाहिला? नाटकाला भरपूर कात्री लावलेली, पण पदं होती, आणि माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजची पोरं होती. आधी दामलेंना हसायला आलेली. 'मृगनयना' सुरू झालं तेव्हा एकानं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. तेवढंच पाहिलं मी, पण पुरे झालं. त्याआधीच्या पिढीत छोटा गंधर्वांचा अश्विनशेठ. आमचे सासरे त्यांच्या पदांच्या रेकॉर्डवर जेवायचे.

काळी_पाच
आणि १९१६ च्या फाल्गुनरावाला विसरू नका, गणपतराव बोडस. समोर बालगंधर्व रेवती. एकीकडे तसलं गाणं आणि दुसरीकडे न गाता त्याच्या तोडीस तोड उभा राहणारा नट. हा तोल आहे तोवर नाटक आहे. आजच्या प्रयोगांत एक बाजू तरी लंगडी असते. एक तर गवयाला बोलता येत नाही, नाहीतर नटाला त्या गवयाचं ऐकत उभं राहता येत नाही.

पॅरिसकर_मावळा
परत आलो, कारण मूळ प्रश्न 'मुळाकडे जावं का' असा होता आणि मी एक गोष्ट सांगायची राहिलो. मोलिएरचं 'स्गानारेल' गद्य नाही! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पद्य आहे, बारा अक्षरी, यमकांसकट. मर्फीनं त्याचं गद्य केलं. देवलांनीही गद्यच ठेवलं. मग १९१६ ला परत सूर आला. म्हणजे तुमची पोरं ज्याला मूळ म्हणतायत तो मधला मुक्काम आहे.

तिसरी_घंटा
अरे देवा. हे मी काकांना सांगितलं तर ते सगळीच्या सगळी पदं घालतील.

खुर्ची_१७
पॅरिसकर, तुमचा व्हिसा रद्द.

काळी_पाच
तिसरी_घंटा, व्यवहाराचं सांगतो. पाच पदं ठेवा. 'सुकांत चंद्रानना' ठेवा, त्यात अश्विनशेठची ओळख होते. 'संशय का मनि आला' ठेवा, रेवतीचं दुखणं त्यात आहे. 'मृगनयना' एकच आवर्तन आणि आलाप नाही, हे गाणाऱ्याकडून तालमीतच कबूल करून घ्या, जमलं तर लेखी. 'कर हा करी धरिला' आणि शेवटी 'हृदयी धरा', नाहीतर झोटिंग येईल. प्रत्येकी तीन मिनिटं. वन्स मोअर आला तर नमस्कार करायचा आणि पुढचं वाक्य बोलायचं. पट्टी मुलीला झेपेल ती घ्या, रेकॉर्डची धरू नका.

तिसरी_घंटा
(सतरा दिवसांनी)
झालं एकदाचं. वृत्तांत देते.

पाच पदं ठेवली. आरती लांबली, आठ वीसला सुरू. पहिल्या अंकात मी घड्याळाकडेच बघत होते. फाल्गुनराव (तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले) इतके सुटले की पुस्तकात नसलेली वाक्यं घालायला लागले, त्यात पार्किंगवरून सेक्रेटरींना एक टोमणा. सगळ्यात मोठा हशा त्यालाच, देवल माफ करोत.

मघा करणाऱ्या काकू फोंड्याचीनं सांगितलं तशा आल्या. साधं इरकल, केस बांधलेले, हातात पान नाही. कुणी हसलं नाही. रेवतीची आई पहिल्या रांगेत होती, 'नायकीण' शब्दाला मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. नंतर तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "ते 'संशय का मनि आला' कुठे मिळेल ऐकायला?"

तसबीर दोन केल्या होत्या, एक जास्तीची. उंदीरभाऊ, तुमची आठवण ठेवून.

'मृगनयना' मात्र हाताबाहेर गेलं. सातव्या मजल्यावरच्या काकांनीच अश्विनशेठ केला, वय अडुसष्ट. लेखी घेतलं होतं हो, सहीसकट. एक आवर्तन झालं, मी विंगेतून हात दाखवला, त्यांनी डोळे मिटले. दोन झाली, तीन झाली. नऊ पन्नास झाले. पोरं विंगेत उभी, मला वाटलं आता शिव्या देतील. बघते तर आमचा भादव्या करणारा पोरगा, ज्यानं पहिल्या दिवशी पदं उडवा म्हणून रान उठवलं होतं, तो बोटांवर मात्रा मोजत होता.

दहाला तीन मिनिटं असताना 'हृदयी धरा' सुरू झालं. दुसऱ्या ओळीला वॉचमननं स्पीकर बंद केला. उरलेलं पद सगळ्यांनी तसंच म्हटलं, माईकशिवाय.

काळी_पाच
आवर्तनं किती झाली शेवटी?

तिसरी_घंटा
नऊ. भादव्यानं मोजली.

खुर्ची_१७
बटाटेवड्याची सोय होती का?